हरणाच्या मांसात खरंच इतकं लोह असतं का? आईचं हिमोग्लोबिन 8.4 आहे

मांजराकाठ (केज, जि. बीड)

नमस्कार. आईचं वय 52. दिवाळीपासून तिला लवकर दम लागायलाय. शेतातून घरी येताना मधे बांधावर बसावं लागतं, चेहरा पांढराफटक दिसतो. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.4. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, त्या चालू आहेत. वडिलांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघाल्यापासून घरात मटण जवळपास बंदच आहे.

माझे दाजी न्यूझीलंडमध्ये डेअरीवर कामाला आहेत. ते फोनवर म्हणाले, इकडं दुकानात हरणाचं मांस मिळतं, चरबी नसल्यात जमा, लोह भरपूर, लोक तब्येतीसाठी म्हणून खातात. गावातली म्हातारी माणसंही म्हणतात की हरणाच्या मटणानं अंगात रक्त चढतं. आमच्या शिवारात काळविटांचे कळप रोजचेच. एकानं तर हळूच विचारलं, "पाहिजे का? सांगा." मी सरळ नको म्हणालो. पण विषय डोक्यातून जाईना.

नेटवर बघायलो तर 100 ग्रॅमला कुठं 23 ग्रॅम प्रथिनं लिहिलेत, कुठं 30. लोह कुठं 3.4 मिलिग्रॅम, कुठं साडेचार. यातलं खरं कोणतं? आणि बोकडाचं मटण त्याच्यापुढं इतकं वाईट आहे का? नीट माहिती असणाऱ्यानं सांगावं.

बालाघाट_पायवाट (पाटोदा)

नको म्हणालात ते चांगलं केलंत, त्यावर ठाम राहा. काळवीट आणि चिंकारा हे दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, 1972च्या अनुसूची 1मध्ये आहेत. शिकारीला कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद, वर किमान 25,000 रुपये दंड. दंडाचा हा आकडा 2022च्या दुरुस्तीनं वाढलाय. मारलं दुसऱ्यानं, आम्ही फक्त खाल्लं, असं म्हणून सुटका होत नाही. मांस जवळ सापडणं हाही गुन्हाच. शिजवलेल्या फोडीवरूनसुद्धा डीएनए तपासून प्राणी ओळखता येतो. हैदराबाद आणि देहरादूनच्या संस्था हे काम कित्येक वर्षं करत आल्यात.

पिकाचं नुकसान होतं हे खरं आहे, आमचाही हरभरा जातो. त्यासाठी वनविभागाकडे अर्ज, पंचनामा आणि भरपाई हा रस्ता आहे. तो धरा.

परभणीची_आहारतज्ज्ञ (लातूर)

मी परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्न आणि पोषण हा विषय शिकले आणि आता लातूरला रुग्णांना आहार सांगते. रक्त कमी असलेल्या बायका माझ्याकडे रोज येतात, त्यामुळे हा प्रश्न वाचून सविस्तर लिहावंसं वाटलं.

तुम्ही पाहिलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यात हरणाच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे 23 ग्रॅम प्रथिनं, 2.4 ग्रॅम चरबी, 120 कॅलरी आणि 3.4 मिलिग्रॅम लोह आहे. तेच मांस भाजलं की पाणी उडून वजन पाऊणभर राहतं. म्हणून भाजलेल्या 100 ग्रॅममध्ये प्रथिनं 30 ग्रॅम आणि लोह 4.5 मिलिग्रॅम दिसतं. मांस तेच, फक्त आटलेलं. नेटवरच्या पुष्कळ लेखांत एका प्राण्याचे कच्चे आकडे आणि दुसऱ्याचे शिजलेले आकडे शेजारी मांडून तुलना करतात. तुलना वाचताना आधी तेवढं बघत जा.

आता तुमचा खरा प्रश्न, बोकडाचा. त्याच तक्त्यात शेळीच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात प्रथिनं 20.6 ग्रॅम, चरबी 2.3 ग्रॅम, कॅलरी 109, लोह 2.8 मिलिग्रॅम. हे चरबीचे थर काढलेल्या मांसाचे आकडे आहेत, हे लक्षात ठेवा. म्हणजे चरबीत दोघं बरोबरीचे. लोहात हरीण पुढं, पण अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा थोडंच जास्त. कोलेस्टेरॉल हरणात 85 मिलिग्रॅम, शेळीत 57. जस्त हरणात 2.1 मिलिग्रॅम, शेळीत 4. हरीण ठळकपणे पुढं आहे ते जीवनसत्त्व बी-12मध्ये: 6.3 मायक्रोग्रॅम, शेळीत 1.1. आपली रोजची गरज दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅमची, त्यामुळे हा फरक मोठा. पण तो कलेजीच्या छोट्या वाटीत भरून निघतो.

मग हरणाच्या मांसाचं एवढं नाव का झालं? कारण त्याची तुलना झाली ती तिकडच्या बीफच्या खिम्याशी. 20 टक्के चरबीच्या त्या खिम्यात 100 ग्रॅमला अडीचशेच्या वर कॅलरी असतात. त्याच्यापुढं हरीण फार हलकं आणि सकस ठरतं, आणि ते खरंही आहे. पण आपल्याकडं तिथल्यासारखं गुबगुबीत जनावर खातंय कोण? झाडपाला ओरबाडत दिवसभर माळावर हिंडणारी शेळी आपल्याकडं आहे. तुमच्या दाजींचं म्हणणं त्यांच्या ठिकाणी योग्य आहे, केजमध्ये ते लागू होत नाही.

हरणाचं मांस कमी चरबीचं असतं त्यालाही कारण आहे. रानातलं जनावर सतत चालतं, पळतं. चरबी साठवतं ती कातडीखाली आणि गुर्द्यांभोवती, स्नायूंच्या धाग्यांमध्ये फारशी जात नाही. थंड देशांत हिवाळ्याआधी ती वाढते आणि माजाच्या दिवसांत नराची झपाट्यानं उतरते, म्हणजे एकाच रानातल्या दोन हरणांचे आकडेही सारखे नसतात. मांस गडद लाल दिसतं ते मायोग्लोबिनमुळे. सतत काम करणाऱ्या स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारं हे द्रव्य जास्त असतं आणि लोह त्यातच असतं. कोवळं गवत आणि पाला खाणाऱ्या जनावराच्या चरबीत ओमेगा-3चं प्रमाण धान्यावर वाढवलेल्या जनावरापेक्षा चांगलं असतं, हीसुद्धा जमेची बाजू. पण एकूण चरबीच अडीच ग्रॅमच्या आत, त्यामुळे त्यातून मिळणारं ओमेगा-3 थोडकंच. आणि खिमा घेतला तर हिशेब बदलतो: हरणाच्या कच्च्या खिम्यात चरबी सात ग्रॅमच्या पुढं जाते.

हे सगळे आकडे तिकडच्या हरणांचे आहेत. काळवीट त्या कुळातलं नाहीच. त्याची शिंगं दरवर्षी गळत नाहीत, ते गाय-शेळीच्या कुळात येतं. त्यामुळे हा तक्ता दाखवून कुणी तुम्हाला काळविटाचं मांस पटवून देत असेल तर त्याच्या म्हणण्याला आधार नाही.

कायद्याचं वर आलंच आहे. त्याच्याही पलीकडे, चोरून मारलेल्या जनावराचं मांस आजारी माणसाला देऊ नये याला शास्त्रीय कारण आहे. जनावर पाठलागात थकून, घाबरून मेलं की स्नायूंमधली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, आधीच संपलेली असते. एरवी मेल्यानंतर तिचं लॅक्टिक आम्ल बनतं आणि मांसाचा सामू, म्हणजे पीएच, 5.6च्या आसपास उतरतो. त्यामुळेच मांस काही काळ टिकतं. साखरच नसेल तर सामू 6च्या वर राहतो, मांस काळपट आणि चिकट होतं आणि त्यात जंतू भराभर वाढतात. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, पशुवैद्याची तपासणी नाही, आतडं फुटलं की नाही हे बघणारं कुणी नाही. 8.4 हिमोग्लोबिन असलेल्या बाईला त्यावर जुलाब लागले तर काय होईल, विचार करा.

आता आईबद्दल. घरात मटण व्हायचं तेव्हा तिच्या ताटात फोडी किती जायच्या? मी हे प्रत्येक घरी विचारते. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं: आधी पाहुणे, मग पुरुष, मग पोरं, आणि शेवटी आई पातेल्यातल्या रश्श्यात भाकरी कुस्करून खाते. रश्श्यात मीठ, मसाला आणि तेल उतरतं. लोह आणि प्रथिनं बहुतांश फोडीतच राहतात. वर्षानुवर्षं मटणाच्या घरात राहून रक्त कमी असलेल्या बाया मी पाहते त्या यामुळे. कोणत्या प्राण्याचं मांस हे नंतर बघू, आधी तिच्या ताटात चार फोडी पडू द्या.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020च्या शिफारशीत लोहाची गरज पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम, बाईला 29 मिलिग्रॅम धरली आहे. बाईला जास्त लागतं आणि आपण तिलाच कमी वाढतो. मांसातलं हीम लोह साधारण 15 ते 35 टक्के अंगी लागतं, धान्य-भाजीतलं त्याच्या बरंच खाली. मांसाचा आणखी एक उपयोग लोकांना माहीत नसतो: त्याच घासातल्या भाकरीतलं, भाजीतलं लोहही त्याच्या सोबतीनं जास्त शोषलं जातं. 100 ग्रॅम बाजरीत 6.4 मिलिग्रॅम लोह आहे, पण त्यातलं फायटेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं. बाजरीची भाकरी, 60-70 ग्रॅम मटण आणि वर लिंबू हे एकत्र खाल्लं तर तीच भाकरी जास्त कामाची होते.

कोंबडीची कलेजी सगळ्यांत स्वस्त आणि सोपी. 100 ग्रॅम कच्च्या कलेजीत 9 मिलिग्रॅम लोह, म्हणजे हरणाच्या मांसाच्या अडीचपटीहून जास्त, आणि बी-12 भरपूर. आठवड्यातून एकदा पुरे, कारण जीवनसत्त्व अ फार असतं. वडिलांना मात्र देऊ नका, कोलेस्टेरॉल 345 मिलिग्रॅम आहे.

आणि गोळ्या थांबवायच्या नाहीत. 8.4 वरून वर यायला नुसता आहार पुरत नाही. 52व्या वर्षी रक्त का कमी झालं हेही शोधायला हवं: पाळीत जास्त जातंय का, मूळव्याध आहे का, शौचाला काळं होत होतं का, पोटात जंत आहेत का. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि बी-12 तपासून घ्या.

नांदेडकर_साउथलंड

मी दाजींच्याच देशात आहे म्हणून दोन शब्द. इथं वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नव्हता. लाल हरणं 19व्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडहून शिकारीच्या हौसेपायी आणून सोडली, त्यांनी जंगल खाऊन टाकलं. म्हणून इथं परवाना काढून सरकारी जंगलात शिकार करता येते, आणि 1970च्या सुमारापासून त्यांचे फार्मही आहेत. दुकानात मिळतं ते बहुतेक फार्मचं. आपल्या चितळाचंही तसंच झालं: 1860च्या दशकात हवाई बेटांवर नेलं, आता तिथं ते इतकं वाढलंय की त्याची शिकार करून मांस तपासून विकतात. इथं हरीण परकं आहे, आपल्याकडं ते मूळचं. हा फरक गावातल्या लोकांनाही सांगा.

चवीचं सांगतो. घरी काळा मसाला घालून कुकरला पाच शिट्ट्या दिल्या तर धागेच्या धागे सुटतात, घास घशाखाली उतरत नाही. चरबी नसल्यामुळे पाणी लगेच निघून जातं. पाठीचं मांस तव्यावर दोन-तीन मिनिटं दोन्ही बाजूंनी आणि बास. नळीचं मात्र मंद आचेवर तास-तासभर. वाटलेला खिमा कधीही अर्धाकच्चा ठेवू नये, 71 अंशांपर्यंत शिजला पाहिजे.

बंदुकीनं मारलेल्या जनावरात शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून लांबवर पसरतात, डोळ्याला दिसत नाहीत. ब्रिटनची अन्न सुरक्षा यंत्रणा असं मांस वारंवार खाणाऱ्यांनी, विशेषतः गरोदर बायका आणि लहान मुलांनी, ते कमी करावं म्हणून सांगते. आणि दाजींना सांगा, बॅगेत घालून आणू नका, आयात परवान्याशिवाय भारतात मांस नेता येत नाही.

काळी_शेळी (भूम, जि. धाराशिव)

ताई अगदी बरोबर बोलल्या. आमच्या घरी आज्यापासून उस्मानाबादी शेळ्या हायत. आमची शेळी दिवसभर माळावर बोरी, बाभळी, हिवर खात फिरती. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा. तिच्या बोकडाला अंगावर चरबी धरतच नाही फारशी. पण सगळं मटण सारखं नसतं बरं का. खच्ची केलेला बोकड चरबी धरतो. दावणीला बांधून मका-भरडा चारलेला पण धरतो. बकरी ईदेसाठी तयार केलेला तर लईच. तुम्हाला पेशंटसाठी पाहिजे तर वर्षाच्या आतला, चरून आलेला बघा.

खाटकाला सांगायचं, मागच्या मांडीचं दे आणि वरची पांढरी चरबी काढून दे. सीना आणि मान चवीला चांगली, पण चरबी तिथंच. काही लोक वजनात चरबीचा गोळा टाकतात, तो नको म्हणायचं, मागं सरायचं नाही. कलेजी पाहिजे तर सकाळी लवकर जा. बोकडाची एकच कलेजी, दहा गिऱ्हाईकं.

येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) घालून केलं तर तेल कमी लागतं, रस्सा येसरानंच दाट होतो. आमच्याकडं वडिलांच्या वाटीतली तर्री चमच्यानं काढून मगच वाढतो.

गोदाकाठ_जालना

माझं युरिक ॲसिड जास्त आहे. हरणाचं मांस हलकं म्हणतात, मग ते चालेल का? म्हणजे परदेशी गेल्यावर विचारतोय.

परभणीची_आहारतज्ज्ञ

चरबी कमी म्हणजे प्युरीन (ज्यापासून युरिक ॲसिड बनतं ते) कमी असं नसतं. हरणाच्या मांसातही इतर लाल मांसाइतकं प्युरीन असतंच. सांधा सुजलेला असताना नाहीच. एरवी कधीतरी छोटा भाग, पाणी भरपूर. कलेजी, गुर्दा तुमच्यासाठी बंद.

काळी_शेळी दादांनी खच्ची बोकडाचं लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे. मी वर दिलेले 2.3 ग्रॅम चरबीचे आकडे चरबी काढलेल्या मांसाचे आहेत. सीन्याचं मटण वर पाव वाटी तेल घालून केलं तर ते आकडे विसरा.

मांजराकाठ (केज, जि. बीड)

सगळ्यांचे आभार. ताई, तुम्ही लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ताटातल्या फोडींचं ऐकल्यावर ती काहीच बोलली नाही, वडीलच म्हणाले, "खरंय ते." रविवारी मांडीचं अर्धा किलो आणलं, आईला पहिल्यांदा वाढलं. तिचं म्हणणं, गोळ्यांनी पोट दुखतं आणि मळमळतं, म्हणून ती गोळी चहासोबत घेते. चालेल का? आणि वडिलांनी मटण अजिबात खायचंच नाही का?

परभणीची_आहारतज्ज्ञ

चहासोबत गोळी घेतली तर तिचा बराच भाग वाया जातो, चहातलं टॅनिन लोहाला बांधून टाकतं. दूध आणि कॅल्शियमची गोळीही लोहाला अडवते. गोळी आणि चहा यांच्यात किमान दोन तास ठेवा. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर दुपारच्या जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घेऊ दे, थोडं कमी शोषलं जाईल पण रोज घेतली जाईल. तरी मळमळ राहिली तर डॉक्टरांना सांगा, गोळीतला लोहाचा क्षार बदलून देतात किंवा एक दिवसाआड घ्यायला सांगतात. शौचाला काळं होणं हे आता गोळीमुळे आहे, घाबरू नका. पण गोळीच्या आधीपासून काळं होत असेल तर ते मुद्दाम डॉक्टरांच्या कानावर घाला.

जेवणानंतर लगेच चहा घ्यायची आपल्याकडं सवय आहे, तीही तोडायला हवी. मटणाच्या दिवशी तर नक्कीच.

वडिलांना आठवड्यातून एकदा, मांडीचं, चरबी काढलेलं, शिजल्यावर 75 ग्रॅमच्या आत, तर्री काढून, असं चालावं. त्यांच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून विचारा. मटण नसेल त्या दिवशी दोघांनाही मोड आलेली मटकी द्या, वर लिंबू पिळून. मोड आले की फायटेट कमी होतं.

महिन्यानं हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. एक-दीड अंकानं तरी वर यायला हवं. आलं नाही तर गोळी लागू पडत नाही किंवा रक्त कुठूनतरी जातंय असं समजून तपास पुढं न्या. वर आलं तरी 12 झाल्यावर गोळी सोडू नका, साठा भरायला पुढं आणखी तीनेक महिने लागतात. रिपोर्ट आला की फेरिटिनच्या आकड्यासह इथं लिहा, मी बघते.